गुळाच्या वाफेची मालकी

भिमाजी आप्पांचा फोटो चोरीला गेला हे त्यांना कळलं ते चोराच्याच दुकानात चहा पिताना.

निघाले होते मेहुणीच्या वास्तुशांतीला. सिंधूबाईंनी शिक्रापुरात घरावर तिसरा मजला चढवला होता, कंपन्यांत कामाला येणाऱ्या पोरांना खोल्या भाड्यानं द्यायला. साळूबाई बहिणीच्या मदतीला आदल्या दिवशीच पोचल्या होत्या. आप्पा मागून एकटे आले, ट्रकांच्या रांगेतून जीव मुठीत धरून हमरस्ता ओलांडला आणि छाती धडधडायची थांबावी म्हणून कोपऱ्यावरच्या गुळाच्या चहाच्या दुकानात टेकले. पहिला घोट घेऊन मान वर केली, तर समोरची अख्खी भिंत ओळखीची निघाली.

काहिलीतून उठलेली दाट वाफ, पत्र्याच्या भोकांतून तिच्यात शिरलेली सकाळची उन्हं, आणि त्या वाफेत झारा घेऊन उभा असलेला गेणबा गुळव्या, एखाद्या ऋषीसारखा. खुटबावातल्या बबनरावांच्या गुऱ्हाळावर आप्पांनी स्वतःच्या हातानं काढलेला फोटो. आता तो भिंतभर फ्लेक्सवर पसरला होता आणि गेणबाच्या डोक्यावर लिहिलं होतं, ‘एकदा प्याल तर पुन्हा याल’.

‘हा फोटो माझा आहे,’ असं म्हणायचं आप्पांनी मनात ठरवलं. शब्द जुळवले. ‘माझा’वर जोर द्यावा की ‘फोटो’वर, याचा विचार केला. एवढ्यात दुकानातला तरुण म्हणाला, “आबा, अजून एक देऊ?” आप्पा म्हणाले, “द्या.” अशा रीतीनं चोराकडे दोन चहा पिऊन, पैसे चुकते करून आणि वर ‘छान आहे हो’ असं सांगून आप्पा बाहेर पडले.

आता एका फोटोसाठी माणसानं एवढं का जिवाला लावून घ्यावं, असं कुणी विचारील. त्याचं उत्तर असं की आप्पांनी जन्मभर हायस्कूलच्या ग्रंथालयात दुसऱ्यांनी लिहिलेली पुस्तकं तिसऱ्यांना वाटली. स्वतः काही करायला गेले की पहिली शंका त्यांनाच यायची. तरुणपणी चार कविता केल्या, पण त्या इतरांपर्यंत पोचायच्या आतच आप्पांनी त्यांत दोष काढून ठेवले. हा फोटो मात्र वेगळा. तो काढल्यावर पहिल्यांदाच त्यांना कसली शंका आली नाही. फेसबुकवर टाकला तर कोल्हापूरच्या कुण्या अनोळखी माणसानं ‘अप्रतिम’ असं लिहिलं. आप्पा तो शब्द अधूनमधून उघडून बघत, दिलेलं पुस्तक जागेवर आहे ना हे बघावं तसा. आणि आता त्यांची ही एकुलती एक निर्दोष कृती शिक्रापुरात चहा विकत होती आणि तिच्यावर नाव कुणाचंच नव्हतं. आपलं नाव एकदा, कुठेतरी, त्या फोटोखाली यावं, एवढंच त्यांचं मागणं होतं. पण मागायचं कुणाकडे?

घरी आल्यावर आप्पांनी तपास सुरू केला, आणि तपास म्हणजे संशय.

फोटो त्यांनी व्हॉट्सॲपच्या स्टेटसलाही ठेवला होता, आणि स्टेटस कुणी कधी पाहिलं ते दिसतं; ती यादी त्यांनी त्याच दिवशी वहीत उतरून ठेवली होती. ज्यांनी ते टाकल्या टाकल्या पाहिलं, ते टपूनच बसले असणार म्हणून त्यांच्यावर संशय. ज्यांनी उशिरा पाहिलं, ते सावधपणानं वागले म्हणून त्यांच्यावर अधिक. आणि ज्यांची नावं यादीत नव्हतीच, ते लपून बघत असणार, म्हणजे अट्टल. दोन दिवसांत गावात निर्दोष असा एकच माणूस उरला, आणि ते स्वतः आप्पा. मग त्यांना तीही शंका आली आणि आपणच चुकून कुणाला पाठवला नाही ना म्हणून त्यांनी सगळं संभाषण खालून वर वाचून काढलं.

साळूबाई शेजारी बसून लसूण सोलत होत्या. त्या म्हणाल्या, “चोरलाच असंल तर बरा असंल म्हनून चोरला. वाईट असता तर कोन चोरतंय?” आप्पांना हे पटलं नाही. साळूबाईंना यातलं काय कळणार, असं म्हणून त्यांनी बायकोला तपासातून वगळलं.

शेजारचे बबनराव सल्ला द्यायला आपणहून आले. गावच्या सोसायटीत त्यांचं वजन, आणि चौकात कुणाचाही वाढदिवस असला तरी फ्लेक्सवर यांचा चेहरा ठरलेला. त्यांनी प्रकरण ऐकून घेतलं आणि म्हणाले, चोरी झाली हे वाईटच, पण आप्पा, गुऱ्हाळ कुणाचं? काहील कुणाची? चुलाणात जळालं ते चिपाड कुणाचं? तेव्हा नाव लागायचंच झालं तर गुऱ्हाळाचं लागलं पाहिजे. ही बातमी गेणबाच्या कानावर गेली, तसा गेणबाही झारा खांद्यावर टाकून आला.

“तोंड माझं, घाम माझा, वाफ मालकाची,” गेणबा म्हणाला. “तुमचं त्यात काय हाय, आप्पा? एक बोट.”

आप्पा आपल्या बोटाकडे बघत राहिले. रात्रभर त्यांना वाटत राहिलं की गेणबाचं बरोबर असावं.

पण सकाळी पुन्हा ‘अप्रतिम’ वाचलं आणि धीर करून ते पोलीस चौकीत गेले. कुठली चौकी ते सांगण्यात अर्थ नाही, कारण त्या चौकीच्या मते ती यासाठी चौकीच नव्हती. फोटो काढला दौंड तालुक्यात आणि लागला शिरूर तालुक्यात, मग हद्द कुणाची? हवालदार मात्र सज्जन होता. त्यानं आप्पांना खुर्ची दिली आणि काय चोरीला गेलं ते विचारलं.

“फोटो.”

“म्हंजी तुमच्याकडं आता तो न्हाई?”

“आहे. मोबाइलमध्ये आहे.” आप्पांनी दाखवला.

हवालदारानं फोटो लांब धरून, जवळ धरून पाहिला. “मग आप्पा, गेलं काय?”

या प्रश्नाचं उत्तर आप्पांना येत होतं, पण ते चौकीत सांगण्यासारखं नव्हतं. हवालदारानं मग फोटोत तुम्ही कुठं आहात असं विचारलं. आप्पा नाहीत, गेणबा आहे, असं ठरल्यावर तक्रार गेणबानं द्यायला पाहिजे असा निर्णय झाला. निघताना हवालदार म्हणाला, फोटो झकास आहे, मला पाठवून ठेवा. आप्पांनी घाबरून पाठवला. रस्त्यात त्यांच्या ध्यानात आलं की आज आपण आणखी एक प्रत वाटली.

यापुढे मात्र सावध राहायचं ठरलं. जो तो उपाय सांगे. कुणी म्हणालं, फोटो मुद्दाम अंधुक टाका, म्हणजे कुणी घेणार नाही. आप्पांनी सुगरणीच्या खोप्याचा फोटो अंधुक करून टाकला, तर लोकांनी चष्म्याचा नंबर तपासून घ्यायला सांगितलं. कुणी म्हणालं, व्हिडिओ असेल तर मध्येच आपलं नाव बोलायचं, तो आवाज चोराला काढता येत नाही. आप्पांनी विहिरीवरच्या खंड्याचा व्हिडिओ घेतला, पण स्वतःचं नाव मोठ्यानं उच्चारायची त्यांना इतकी लाज वाटली की ते नुसतेच खोकले. तेवढ्यानं खंड्या उडून गेला. ओळखीची खूण म्हणून खोकला राहू द्यावा असं त्यांनी ठरवलं, आणि ओळखीच्या लोकांनी काळजीनं अडुळशाचा काढा सुचवला.

शेवटी त्यांच्या मदतीला नोकरीतलाच अनुभव आला. ग्रंथालयात पुस्तक आलं की शिक्का मारायचा, हे सगळ्यांना माहीत असतं. पण पहिल्या पानावरचा शिक्का चोर फाडून टाकतो, म्हणून आत एका ठरलेल्या गुप्त पानावर, अगदी मजकुराच्या मधोमध, दुसरा शिक्का मारतात. ते पान फाडलं तर गोष्टच तुटते. या शिक्क्याच्या जोरावर आप्पांनी एकेकाळी एका शिक्षणाधिकाऱ्याच्या घरून पुस्तक परत आणलं होतं. फोटोलाही असाच शिक्का पाहिजे. कोपऱ्यात नको, तो कापतील. मधोमध, फिका, पण न निघणारा.

हे काम केडगावच्या सत्यजीतकडे गेलं. सत्यजीत फ्लेक्स छापतो. परिसरात कुणी जन्मलं, दहावी पास झालं, निवडून आलं किंवा गेलं, की त्याच्या संगणकातून गेल्याशिवाय ते गावाला कळत नाही. त्यानं आप्पांचं म्हणणं नीट ऐकलं आणि व्यवसायातलं मर्म सांगितलं.

“नाव कुनीबी पुसतंय, आप्पा. तोंड पुसत न्हाई. दुसऱ्याचं तोंड असलेला फोटो कुनी आपल्या दुकानात लावंल का? तुमचा पासपोर्ट फोटो हाय का?”

होता. निवृत्तीच्या कागदपत्रांसाठी काढलेला, काळा-पांढरा, त्या वेळच्या मनःस्थितीचा. सत्यजीतनं तो गोल कापला, कडा विरघळवल्या, फिका केला आणि काहिलीवरच्या वाफेत, बरोबर उन्हाची तिरीप पडत होती तिथं बसवला. खाली बारीक अक्षरात ‘भिमाजी आप्पा, ग्रंथपाल’. हात एकदा बसलाय म्हणून त्यानं आपणहून दोन्ही बाजूंना एकेक समईही ठेवली होती, पण ती आप्पांनी काढायला लावली. तेवढीच सावधगिरी त्यांना सुचली.

घरी येऊन त्यांनी फोटो नव्यानं फेसबुकवर टाकला, स्टेटसला ठेवला आणि मोबाइल उशाशी ठेवून दुपारची झोप काढली. निर्धास्त माणसाला लागते तशी गाढ.

उठून पाहतात तर प्रतिसादांचा पाऊस. पहिलाच होता, ‘भावपूर्ण’ आणि पुढे काहीतरी. आप्पांना भरून आलं. फोटोतला भाव लोकांना पोचला. पुढचा शब्द ‘श्रद्धांजली’ होता, तो त्यांनी चष्मा लावून वाचला, पण तोपर्यंत बोटानं आपलं काम केलं होतं आणि खाली आप्पांच्या नावानं उत्तर गेलं होतं, ‘मनःपूर्वक आभारी आहे’. घरच्यांनी आभार मानले, म्हणजे बातमी खरी, असं बाकीच्यांनी धरलं, आणि मग तर ‘ॐ शांती’ची रांगच लागली. एका जुन्या विद्यार्थ्यानं लिहिलं, सरांच्या ग्रंथालयाचं एक पुस्तक अजून माझ्याकडे आहे, आता कुणाला द्यावं कळत नाही. आप्पांनी तेवढ्या गडबडीतही त्याचं नाव टिपून ठेवलं.

मग फोन वाजायला लागले. आप्पा उचलून म्हणत, “मी भिमाजी बोलतोय,” की पलीकडचा माणूस फोन ठेवून देई.

आता बबनराव शेजारी राहत होते, त्यांनी तरी येऊन बघायचं. पण बबनराव सोसायटीच्या कामाला दौंडला होते. बातमी त्यांना मोबाइलवर मिळाली आणि शेजारधर्म म्हणून त्यांनी तिथूनच सत्यजीतला फोन केला. संध्याकाळी आप्पा पिशवी घेऊन दूध आणायला निघाले, तर चौकात त्यांचा फ्लेक्स लागला होता. गुऱ्हाळाच्याच फोटोवर छापलेला, न विचारता. वर कोपऱ्यात आप्पा, खाली शोकाकुल म्हणून बबनराव, आप्पांच्या दुप्पट आकाराचे. समया परत आल्या होत्या.

सत्यजीत शिडीवरून शेवटची गाठ मारत होता. आप्पांना बघून शिडी हलली.

“सकाळी तर तू मला बघितलंस,” आप्पा म्हणाले.

“व्हय की,” सत्यजीत म्हणाला. “मला वाटलं, तुम्हाला आधीच कळलं असंल. म्हनून फोटू करून घेतला.”

दूध न घेताच आप्पा घरी परतले. ओट्यावर बसून त्यांनी पुस्तक उघडलं, पण ओळी डोळ्यांपुढून सरकत नव्हत्या. एवढ्यात दारात जीप थांबली आणि सिंधूबाई दोन चुलत्यांच्या आधारानं, पदर डोळ्यांना लावून खाली उतरल्या. गळा काढत ओट्यापर्यंत आल्या, “दाजी, आमाला न सांगता कसं हो गेला,” असं म्हणून त्यांनी पदर बाजूला केला आणि दाजी पुस्तकात बोट घालून उभे राहिलेले पाहून त्या मटकन खाली बसल्या.

पाणी शिंपडल्यावर त्यांना शोकापेक्षा संताप अनावर झाला. “आसं कुनी करतं व्हय? शिक्रापुरापासनं रडत आले मी.” आप्पांनी हात जोडून क्षमा मागितली. जिवंत असल्याबद्दल त्यांना खरोखरच अपराधी वाटत होतं.

साळूबाई गिरणीतून दळण घेऊन आल्या तेव्हा दारात गर्दी होती आणि एक लांबची चुलती त्यांना धरायला पुढे आली. काय झालं ते कळल्यावर साळूबाईंनी पिठाचा डबा खाली ठेवला. कपाळावर मोठ्या टिकलीखेरीज काही न मिरवणारी ही बाई, पण त्या टिकलीवर कुणी बोट ठेवायला आलेलं तिला खपणार नव्हतं. नवऱ्याला त्या एक शब्द बोलल्या नाहीत. चौकात गेल्या आणि बबनरावांसकट सगळा फ्लेक्स खाली ओढून घेऊन आल्या. म्हणाल्या, सरपण झाकायला होईल.

चहा झाल्यावर सिंधूबाई जरा निवळल्या. त्या म्हणाल्या, “काई म्हना दाजी, मानूस गेल्यावरच किंमत कळती. आमच्या विक्रमनं ऐकल्या ऐकल्या दुकानात तुमचं नाव लावलं. फोटूच्या खाली.”

“कोण विक्रम?”

“आमचा भाडेकरू. चहाचं दुकान न्हाई का त्याचं, कोपऱ्यावर.”

आप्पांच्या मनात तपासाची सगळी यादी वरून खालपर्यंत सरकली. त्यांनी मेहुणीकडे पाहिलं. आजवर असं त्यांनी कुणाकडेच पाहिलं नव्हतं.

“म्हणजे त्याला फोटो तुम्ही दिलात?”

“मी दाखिवला. त्याला आवडला, त्यानं घेतला. मला काय ठावं?” सिंधूबाई म्हणाल्या. “आन् मला तर आक्कानं पाठिवला.”

सगळ्यांच्या माना वळल्या. साळूबाई लसूण सोलत होत्या. संशय सगळ्या तालुक्यावर घेऊन झाला होता, अनोळखी कोल्हापूरकरालाही सोडलं नव्हतं, आणि चोर शेजारी बसून लसूण सोलत होता.

“पाठिवला,” साळूबाई मान वर न करता म्हणाल्या. “भनीला पाठिवला, भावजयीला पाठिवला, भजनातल्या बायकांना पाठिवला. म्हनलं, बघा, माझ्या मानसानं काढलाय.”

आप्पांना यावर रागवायचं होतं. त्यासाठी त्यांनी तोंडही उघडलं होतं. पण शेवटच्या शब्दांनी त्यांची अशी अडचण केली की ते तोंड तसंच मिटून त्यांनी पुस्तक उघडलं, आणि ते उलटं धरलंय हे सिंधूबाईंनी सांगेपर्यंत त्यांच्या लक्षात आलं नाही.

दुसऱ्या दिवशी सिंधूबाई रडण्याचा शीण काढायला बहिणीच्या घरी झोपून राहिल्या आणि नवराबायको चौफुल्यावरून शिक्रापूरला निघाले. साळूबाईंनीच जायचं काढलं. आप्पांचं म्हणणं होतं की राहू दे, नाव लागलंय ना, कशाला आता. साळूबाई म्हणाल्या, मला बघायचंय.

दुकानात गर्दी होती. भिंतीवरच्या फोटोखाली एक पांढरी पट्टी चिकटवली होती, आणि तिच्यावर सुबक अक्षरात छापलं होतं : ‘छायाचित्र : कै. भिमाजी आप्पा, खुटबाव’. पट्टीला मोगऱ्याचा छोटा गजरा लावला होता. आप्पा ते नाव वाचत उभे राहिले. आयुष्यात पहिल्यांदा, आपण केलेल्या गोष्टीखाली. पुन्हा वाचलं. कुठेच शंका नव्हती, एक त्या ‘कै.’चा अपवाद सोडला तर.

विक्रमनं चहा पुढे केला. “मोठा मानूस व्हता, आबा,” तो म्हणाला. “मला ठावंच नव्हतं फोटू कुनाचा ते. जिवंत असता तर पाया पडाय गेलो असतो. तुम्ही वळखायचा का त्यांना?”

आप्पा कपात बघत म्हणाले, “ओळख होती. फार जवळची नव्हती.”

त्यांना खरंच तसं वाटलं. पट्टीवरचा तो माणूस त्यांच्यापेक्षा बराच मोठा दिसत होता. आता ‘तो मीच’ म्हटलं तर विक्रम ओशाळणार, पट्टी निघणार, आणि पुन्हा लागेल की नाही कुणी सांगावं. मेलेल्याला मान द्यायला कुणाचं काही जात नाही. जिवंत माणसाची गोष्ट निराळी. राहू दे, असं त्यांनी ठरवलं.

साळूबाईंनी कप ठेवला. पिशवीतून टिकल्यांचं पाकीट काढलं. त्यातली सगळ्यात मोठी, लालभडक टिकली नखानं सोडवली, दोन गिऱ्हाइकांना बाजूला सारून बाकड्यावर चढल्या, गजरा ओढून काढला, आणि ती टिकली ‘कै.’वर घट्ट दाबून बसवली. अंगठ्यानं दोनदा दाबली. मग खाली उतरून विक्रमला म्हणाल्या, “वळख न्हाई म्हनत्यात ते. माझी हाय. चाळीस वर्सांची.”

विक्रमनं पट्टीकडे पाहिलं, टिकलीकडे पाहिलं, बाईंच्या कपाळाकडे पाहिलं आणि शेवटी मान खाली घातलेल्या आप्पांकडे. वाफेतून बघणारा तो काळा-पांढरा चेहरा त्यानं सिंधूमावशींच्या मोबाइलवर पाहिलेला होता. त्यानं गल्ल्यावरून उठून आप्पांचे पाय धरले, आणि आप्पा इतके गडबडले की उरलेला चहा त्याच्या पाठीवर सांडला.

निघताना साळूबाई पट्टीखाली जाऊन उभ्या राहिल्या, पदर सावरला आणि म्हणाल्या, “आता काढा एक.”

आप्पांनी मोबाइल धरला. वर गेणबा, वाफ, खाली लाल ठिपक्यामागून सुरू होणारं आपलं नाव, आणि त्याखाली साळूबाई. त्यांनी ते एक बोट दाबलं.

“मला पाठवा,” साळूबाई म्हणाल्या.

आप्पांनी चष्म्यावरून त्यांच्याकडे बराच वेळ संशयानं पाहिलं. मग पाठवला.